रस्त्यावरचा शेजारी

वाचन: यशया ५८:६-७, लूक १०:२५-३७

“त्यांना घरे दिली तरी ती सोडून पुन्हा रस्त्यावरच येतात,” असे आपण मंडळीत पुष्कळदा ऐकतो. बडोद्यात पुलाखाली झोपलेले कुटुंब दिसले की आळसाला दोष देऊन आपण मोकळे होतो. आजच्या पाठात खरी कारणे पाहू.

१. ही माणसे रस्त्यावर का येतात?
२०११ च्या जनगणनेत आपल्या देशात सुमारे १७ लाख ७० हजार बेघर आढळले. त्या सर्वांचे कारण एक नाही. दाहोद, छोटाउदेपूरकडे पावसावरचे पीक निघाले की पुरेसे काम नसते. तेथील कुटुंबे बडोद्यात बांधकामावर येतात. दुसऱ्यांची घरे बांधणाऱ्यांनाच निवारा नसतो. २०१९ व २०२४ साली विश्वामित्रीला पूर आला, तेव्हा सखल वस्त्यांत पाणी शिरून संसार भिजले. कोणी कर्जामुळे, कोणी आजारपणामुळे, कोणी घरातील मारहाणीमुळे बाहेर पडतो. दारूपायी घर जाते, तसेच घर गेल्यावर दारूही लागते.

२. घर दिले की प्रश्न सुटतो काय?
मजुराला काम सकाळी नाक्यावर मिळते. घर शहराबाहेर मिळाले, तर बसभाड्यातच मजुरी जाते. बाईची धुण्याभांड्यांची कामे सुटतात. १९८५ साली मुंबईच्या फुटपाथवासीयांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. तरीही फुटपाथ चालणाऱ्यांसाठी आहे, म्हणून रीतीने त्यांना हलवण्यास मोकळीक दिली. दोन्ही गोष्टींत तथ्य आहे, म्हणूनच प्रश्न बिकट आहे. रात्रनिवारा हवाच, पण जेथे नवराबायकोला वेगळे झोपावे लागते व हत्यारे ठेवायला जागा नसते, तेथे कुटुंब जायला कचरते.

३. आपण काय करावे?
शोमरोनी मनुष्य जखमा बांधून थांबला नाही. त्याने उतारशाळेचा खर्च दिला आणि परत येण्याचे कबूल केले. आपण नाताळात घोंगडी देतो. परत किती जण जातो?

वर्गात चर्चेसाठी
(१) घराजवळ काम नसेल, तर तुमचे कुटुंब काय करील?
(२) आपल्या मंडळीजवळ राहणाऱ्या एका बेघर कुटुंबाचे गाव व काम तुम्हांला ठाऊक आहे काय?

या आठवड्यात काही देण्याआधी त्यांना विचारा: “तुम्हांला कशाची गरज आहे?” उत्तर ऐका आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा जा.