वाऱ्याने थंड होणारे एंजिन का तापते?
एका निदानाचा अभ्यास

जर्मनीतील स्टुटगार्ट येथील पोर्शे कारखान्याने १९६३ च्या सप्टेंबरात फ्रँकफुर्टच्या मोटार-प्रदर्शनात एक नवी स्पोर्ट्‌स मोटार मांडली. पुढे '९११' ह्या नावाने ती जगभर प्रसिद्धीस आली. तिचे सहा सिलिंडरांचे एंजिन गाडीच्या मागील टोकास बसविलेले होते. तीन सिलिंडर एका बाजूस व तीन दुसऱ्या बाजूस, असे ते आडवे पहुडलेले असत. ह्या एंजिनास पाण्याचा रेडिएटर नव्हता. ते थंड राखण्याचे काम हवा व वंगणतेल ही दोघे मिळून करीत. ह्या जातीची एंजिने १९९८ पर्यंत बनत होती व त्यांतील पुष्कळ आजही चालू आहेत. असे एंजिन प्रमाणाबाहेर तापू लागले, तर त्याचे कारण कसे शोधावयाचे, हा ह्या पाठाचा विषय आहे.

उष्णतेचा जमाखर्च

इंधन जळून जी उष्णता निर्माण होते, तिचा स्थूलमानाने एक तृतीयांश भागच चाके फिरविण्याच्या कामी येतो. सुमारे तितकीच उष्णता धुराबरोबर बाहेर पडते. उरलेली सिलिंडरांच्या भिंतींत व माथ्यांत शिरते आणि ती तेथून हलविणे भाग असते. हे काम हवेला जड जाते, कारण एक घनमीटर पाणी एका अंशाने तापविण्यास जितकी उष्णता लागते, तितक्या उष्णतेने सुमारे साडेतीन हजार घनमीटर हवा एका अंशाने तापते. म्हणून हवा फार मोठ्या प्रमाणात खेळवावी लागते. एक घनमीटर हवेचे वजन सुमारे १.२ किलोग्रॅम असते. दर सेकंदास एवढी हवा सिलिंडरांवरून वाहून ५० अंशांनी तापली, तर ती सुमारे ६० किलोवॅट उष्णता घेऊन जाते.

एवढी हवा पुरविण्यासाठी ९११ च्या एंजिनावर एक मोठा पंखा असतो. एंजिनाचाच एक पट्टा त्यास फिरवितो. विद्युत्-जनित्रही त्याच पंख्याच्या आसावर बसविलेले असते. पंख्याची हवा आच्छादनाच्या आतून वाट काढीत सिलिंडरांच्या पातळ कल्ल्यांमधून खाली उतरते. पंख्याचे आच्छादन व कल्ले असलेले स्कूटरचे एंजिन ज्यांनी उघडून पाहिले असेल, त्यांस ही रचना ओळखीची वाटेल.

दुसरा शीतक म्हणजे वंगणतेल. साधारण मोटारीत तीनचार लिटर तेल पुरते. ह्या गाडीत मात्र सुमारे दहा लिटर तेल एका वेगळ्या टाकीतून फिरत असते. एक तेल-शीतक एंजिनालाच जोडलेला असतो, तर पुढे अनेक गाड्यांत दुसरा शीतक पुढील उजव्या चाकाच्या कमानीत बसविण्यात आला. तेल सुमारे ८५ अंश सेंटिग्रेडपर्यंत तापले, म्हणजे उष्मानियंत्रक झडप उघडून त्यास पुढील शीतकाकडे पाठविते.

पहिला प्रश्न : एंजिन खरोखरच तापले आहे काय?

काटा लाल भागात गेला, एवढ्यावरून एंजिन तापले असे ठरत नाही. हा काटा ज्या विद्युत्-संवेदकावर चालतो, त्याचा रोध उष्णतेने घटतो. संवेदकाच्या तारेचे आवरण झिजून ती गाडीच्या पत्र्यास टेकली, तर एंजिन थंड असतानाही काटा टोकास जातो. म्हणून टाकीतील तेलाचे तापमान वेगळ्या तापमापकाने मोजून ते काट्याशी ताडून पाहावे. ९० ते ११० अंश हे नित्याचे तापमान होय. १२० च्या पुढे ते टिकून राहिल्यास चिंतेचे कारण आहे.

तेलाची पातळीही रीतीनेच पाहिली पाहिजे. गाडी सपाट जागी उभी करून, एंजिन तापलेले व मंद गतीने चालू असतानाच मापदांडी काढावी. थंड व बंद एंजिनात टाकीतील काही तेल एंजिनात उतरलेले असते. त्यामुळे पातळी कमी भासते व अजाण मनुष्य नको तितके तेल ओततो.

दुसरा प्रश्न : केव्हा तापते?

एंजिनाचा पंखा एंजिनाच्या वेगाने फिरतो. गाडीच्या वेगाशी त्याचा संबंध नसतो. उलट पुढील तेल-शीतकास मुख्यत्वे गाडीच्या वेगाचा वारा लागतो. ह्या एका भेदाने पुष्कळ उलगडा होतो. वरच्या गियरमध्ये एंजिन रखडत चढ चढल्यास भार मोठा व पंखा मंद, अशी स्थिती होते. येथे दोष यंत्राचा नसून चालविण्याच्या सवयीचा असू शकतो. गाडी सर्वच प्रसंगी तापत असल्यास पट्टा, पंखा, आच्छादन व कल्ले तपासावेत. पट्टा ढिला असल्यास घसरतो. कल्ल्यांत पाने, चिंध्या, उंदरांची घरटी किंवा तेलात कालवलेली धूळ साचते. आच्छादनाच्या कडेचे रबर गळून पडले असेल, तर खालची तापलेली हवाच पंखा पुन्हा ओढून घेतो.

हवेची वाट निर्वेध असूनही तापमान चढत असेल, तर उष्णता अधिक निर्माण होत असली पाहिजे. ठिणगी उशिरा पडत असल्यास ज्वलन लांबते व धुराच्या वाटा आणि माथे तापतात. फार लवकर पडल्यास ठोके येतात. मिश्रणात इंधन थोडे कमी पडले, तरीही ज्वलनकक्ष अधिक तापतो.

एक उदाहरण

समजा, एक गाडी शहरात ठीक चालते, पण लांबच्या वेगवान रस्त्यावर काटा १२५ अंशांवर चढतो. वेगळा तापमापक १२२ दाखवितो, म्हणजे तक्रार खरी आहे. पट्टा ताठ आहे व कल्ले स्वच्छ आहेत. अर्ध्या तासाच्या प्रवासानंतर पुढील शीतकाच्या नळ्यांजवळ हात नेला, तर त्या थंडच लागतात. झडप मिटलेली राहिल्याने तेल पुढे जातच नव्हते. शहरातील भारास एंजिनावरील शीतक पुरत होता, रस्त्यावरील भारास तो अपुरा पडला. झडप बदलताच काटा १०० वर स्थिरावतो.

येथे काम संपले असे वाटते. तथापि सहाही स्पार्क प्लग काढून पाहिले असता पाच तपकिरी व एक पांढुरका निघतो. त्या एका सिलिंडराच्या प्रवेशमार्गाची गॅस्केट फाटल्याने, मोजली न गेलेली हवा आत शिरून तेथील मिश्रण विरळ झाले होते. काटा सर्व तेलाचे एकत्रित तापमान सांगतो. एका सिलिंडराची व्यथा त्यास कळत नाही.

उपेक्षेचे फळ

१९७४ ते १९७७ ह्या काळातील २.७ लिटरच्या एंजिनांनी हा धडा महाग करून शिकविला. त्यांची पेटी मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची होती व माथे पोलादी बोल्टांनी जखडलेले होते. ॲल्युमिनियम व मॅग्नेशियम तापून पोलादाच्या सुमारे दुप्पट प्रसरण पावतात. त्यामुळे बोल्टांवरील ताण वाढे आणि तापून मऊ झालेल्या पेटीतून त्यांचे आटे उपटून येत. त्या काळात अमेरिकेसाठीच्या काही गाड्यांत धूर शुद्ध करण्याकरिता एंजिनाजवळच अतितप्त ज्वलनपात्रे बसविली होती. काही गाड्यांच्या पंख्यांना ११ ऐवजी ५ च पाती होती. उष्णता वाढली व वारा घटला. १९७८ पासून सर्वसाधारण ९११ ची पेटी ॲल्युमिनियमची करण्यात आली.

वाटेत काटा चढला, तर काय करावे? जनित्राचा तांबडा दिवा लागला असेल, तर पट्टा तुटला असण्याचा संभव असतो. पंखा व जनित्र एकाच आसावर असल्याने हा दिवा वाऱ्याचीही खबर देतो. अशा वेळी एंजिन तत्काळ बंद करावे. दिवा लागला नसेल व तेलाचा दाब ठीक असेल, तर मात्र भार कमी करून एंजिन काही वेळ बेताच्या गतीने चालू ठेवणे हिताचे असते, कारण एंजिन थांबताच पंखाही थांबतो.

लक्षण एकच असले, तरी उपाय परस्परविरुद्ध असू शकतात. म्हणूनच कोणताही भाग बदलण्यापूर्वी प्रथम मोजमाप करावे, मग लक्षण केव्हा उद्भवते ते पाहावे, आणि एका वेळी एकच शंका तपासून दूर करावी. वैद्यास जे नियम लागू, तेच यंत्रज्ञासही लागू आहेत.