आधी वर्ग ठरव, मग कोर्स

चि. मुक्ता हिस,


तुझं पत्र पोचलं. शिक्षिका व्हायचं ठरवलंस, फार आनंद झाला. दादाचं म्हणणं तू कळवलंस, की आधी बी.एस्सी. कर, मग बी.एड. करून टाक, म्हणजे कुठेही लागशील. आता तसं राहिलेलं नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते आहे.

११ ऑगस्ट २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की पहिली ते पाचवीच्या शिक्षकपदासाठी बी.एड. ही पात्रता धरता येणार नाही. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने (एनसीटीई) २०१८ साली तशी मुभा दिली होती, ती गेली. या वर्गांना शिकवायचं तर बारावीनंतरचं दोन वर्षांचं डी.एल.एड., म्हणजे आमच्या वेळचं डी.एड., हाच मुख्य रस्ता. हा निकाल पुष्कळांना जाचक वाटला. मला तो योग्य वाटतो, आणि का ते सांगते.

दुसरीतलं मूल ३२ मधून १७ वजा करून २५ लिहितं. त्यावर फुली मारून पुढे जाणं सोपं असतं. पण त्याने काय केलं ते बघ. २ मधून ७ जात नाहीत, म्हणून त्याने ७ मधून २ काढले. मोठ्यातून लहान वजा करायचं, एवढं त्याला सांगितलेलं होतं आणि ते त्याने इमानाने पाळलं. अशा वेळी त्याच्या हातात दहा-दहा काड्यांचे तीन गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या द्यायच्या नि सतरा काढून दे म्हणायचं. सात सुट्या कुठून आणायच्या, म्हणून ते थांबतं. मग आपणच एका गठ्ठ्याचं रबर सोडतं. त्यानंतर हातचा त्याला पुन्हा समजावून सांगावा लागत नाही. ही नजर गणितातल्या पदवीने येत नाही. ती लहान मुलांसाठीच्या वेगळ्या शिक्षणाने आणि सराव पाठांनी येते.

म्हणून कोर्स निवडण्याआधी कोणत्या वयाची मुलं तुला हवीत ते ठरव. लहान मुलं हवी असतील तर डी.एल.एड.ला प्रवेश घे आणि पदवी त्यानंतर कर. डी.एल.एड. आणि पदवी दोन्ही असली, की सहावी ते आठवीचाही रस्ता मोकळा होतो. नववी-दहावीला विज्ञान शिकवायचं असेल तर दादा म्हणतो तेच बरोबर: बी.एस्सी., प्रवेशाची सीईटी, मग दोन वर्षांचं बी.एड. अकरावी-बारावीसाठी त्यात एम.एस्सी.ची भर. चौथा मार्ग चार वर्षांच्या एकात्मिक अभ्यासक्रमाचा. त्यात पदवी आणि बी.एड. एकत्र होतं, एक वर्ष वाचतं. त्याची प्रवेश परीक्षा देशपातळीवर होते. भोपाळच्या प्रादेशिक शिक्षण संस्थेत असं शिक्षण फार वर्षांपासून मिळतं आणि महाराष्ट्र तिच्या क्षेत्रात येतो. घरापासून लांब राहायची तयारी असेल तर त्याचा जरूर विचार कर.

पदविका किंवा पदवी हातात आली म्हणजे नोकरी मिळाली, असं मात्र नाही. पहिली ते आठवीसाठी शिक्षक पात्रता परीक्षा, म्हणजे टीईटी, लागते: पाचवीपर्यंत पहिला पेपर, सहावी ते आठवीला दुसरा. दीडशे गुणांपैकी खुल्या गटाला ९० हवेत. उणे गुण नाहीत, प्रमाणपत्र आता आजीवन चालतं. त्यानंतर टेट, म्हणजे अभियोग्यता चाचणी, दोनशे प्रश्न दोन तासांत, आणि तिच्या गुणांवर शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलमधून निवड. अडचण अशी, की टेट दरवर्षी होतेच असं नाही. २०१७ नंतर ती थेट २०२३ साली झाली, मग २०२५ मध्ये. मधल्या काळात कितीतरी चांगली मुलं वाट बघून दुसऱ्या कामाला लागली, याचं मला फार वाईट वाटतं. लागल्यावरही पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून काढावी लागतात. प्राथमिकला मानधन महिना १६,००० आहे, २०२३ च्या आधी तर ते ६,००० होतं. हे सगळं दादाला आत्ताच स्पष्ट सांग. मी त्याच्याशी बोलेनच.

दोन गोष्टींना मात्र ठाम नकार दे. ‘नॉन-अटेंडिंग बी.एड.’ करून देतो म्हणणारे भेटतील. फी भरा, हजेरीची काळजी नको, म्हणतील. पाठाचं टाचण काढून, पाठीमागे निरीक्षक बसलेले असताना पस्तीस मिनिटं वर्ग सांभाळणं, मग वहीत त्यांचे शेरे वाचून तोच पाठ पुन्हा घेणं, हेच तर बी.एड.चं खरं शिक्षण. ते वगळून घेतलेल्या पदवीची किंमत तुझ्या वर्गातली मुलं मोजतील. आणि पैसे घेऊन गुण किंवा जागा मिळवून देणाऱ्याला दारात उभं करू नका. २०१९-२० च्या टीईटीत पैसे मोजलेले हजारो उमेदवार पुढे पकडले गेले, त्यांची संपादणूक रद्द झाली.

फॉर्म भरण्यापूर्वी इकडे ये. आमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेत पहिलीच्या वर्गात काही दिवस बस, मग हायस्कुलात नववीच्या. बाईंना आणि सरांना मी विचारून ठेवते. नुसतं बघू नकोस. एखादी गोष्ट सांग, एखादं उदाहरण सोडवून दाखव. कुठल्या वर्गातून बाहेर पडताना उद्या काय घ्यायचं हे तुझ्या डोक्यात आपोआप सुरू होतं, ते मला सांग. त्यावरून फॉर्म कुठला भरायचा ते आपण ठरवू. येताना बारावीची गुणपत्रिका आणि शाळा सोडल्याचा दाखला यांच्या प्रती आण, म्हणजे इथूनच अर्ज करता येईल.

वहिनीला नमस्कार सांग.

तुझी,
आत्या