सात रेघा आणि कोसबाडची टेकडी

गेल्या वर्षी दत्तजयंतीच्या सप्ताहात माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. वाचायची मनाई. पारायण खंडित व्हायला नको म्हणून पुतणी म्हणाली, "काका, मी वाचते, तुम्ही ऐका." ती कॉलेजात शिकवते, वय तिशीच्या आत. आमच्या घरात बायकांनी श्रीगुरुचरित्र ऐकायचं, वाचायचं नाही, हा टेंबे स्वामींच्या नावाने चालत आलेला दंडक. आई असती तर तिने हात जोडून नको म्हटलं असतं. मी हो म्हणालो. खरं सांगतो, फार विचार करून नव्हे. नेम मोडेल या भीतीने.

तिसऱ्या दिवशी अध्याय बावीस ते एकोणतीस. त्यात सत्ताविसावा आला. कथा वाचकांना ठाऊकच आहे. विद्येने उन्मत्त झालेले दोन ब्राह्मण जयपत्र मागत गाणगापुरी येतात. श्रीगुरू वाटेने जाणाऱ्या एका पतिताला बोलावतात, जमिनीवर सात रेघा काढून एकेक ओलांडायला सांगतात. प्रत्येक रेघेला त्याला मागचा एकेक जन्म आठवतो, आणि सातवी ओलांडल्यावर तो वेद म्हणू लागतो. दोघांचा ताठा उतरतो. पुढच्या अध्यायात त्याच माणसाच्या अंगावरचं भस्म पाण्याने धुतलं जातं आणि तो सगळं विसरून बायकोमुलांबरोबर घरी जातो.

पुतणीने पोथीवर हात ठेवला. "काका, गर्व ब्राह्मणांचा उतरला. त्या माणसाला काय मिळालं? आला तसाच परत गेला ना?"

मी नेहमीचं उत्तर दिलं, कर्मफळाचं, प्रारब्धाचं. ती म्हणाली, "ते मला कळतं. माझी श्रद्धा कमी झालेली नाही, नाहीतर पहाटे उठून सोवळ्यात बसले नसते. पण माझ्या वर्गात घरातलं पहिलंच शिकणारं मूल येतं, तेव्हा मला हा माणूस आठवतो. त्याची विद्या धुऊन जाऊ नये म्हणून काय करायचं, ते मी शोधते आहे."

मग बोलता बोलता कोसबाडचा विषय निघाला. आमच्या मसोलीहून कोसबाड काही लांब नाही. ताराबाई मोडक १९१४ साली पदवीधर झाल्या. वडील प्रार्थना समाजाचे, म्हणजे देव मानणारे पण मूर्ती आणि जातिभेद न मानणारे. तरुण वयातच त्या राजकोटच्या बार्टन ट्रेनिंग कॉलेजच्या प्रमुख झाल्या. पगार, मान, सगळं होतं. ते सोडून त्या भावनगरला गिजुभाई बधेकांकडे बालशिक्षणाच्या कामात गेल्या. १९४५ साली बोर्डीला आल्या, तिथून पुढे कोसबाडच्या टेकडीवर. सोबत अनुताई वाघ. त्यांचं तेराव्या वर्षी लग्न झालं आणि सहा महिन्यांत वैधव्य आलं. अशा मुलीच्या पुढे त्या काळी किती रेघा होत्या, मोजून बघा.

वारल्यांची मुलं शाळेत येईनात. कारण आळस नव्हे. मोठं मूल गुरं राखायचं, मधलं धाकट्याला सांभाळायचं. मग या बायांनी शाळाच उचलली. पाड्यावरच्या अंगणात नेली, ती अंगणवाडी. गुरांमागे माळावर नेली, ती कुरणशाळा. धाकट्यांसाठी पाळणाघर काढलं, म्हणजे मधली मोकळी झाली. शिंपले, खडे, बिया, पानं हे शिकवायचं साहित्य. मुलांना आधी आंघोळ, मग धडा. इथेही पाणी आहेच, पण या पाण्याने विद्या गेली नाही!

अवधूतांनी यदुराजाला चोवीस गुरू सांगितले, त्यात लहान मूलही आहे. आपण ते निश्चिंतपणाचं उदाहरण म्हणून वाचतो. ताराबाईंनी मुलाला खरंच गुरू केलं. ते शाळेत का येत नाही हे त्याच्याकडूनच शिकल्या. पुतणीला हे फार पटलं. मला मात्र दुसरंच आठवत राहिलं.

बँकेत काउंटरवर असताना अंगठेवाल्यांची रांग मी वेगळी लावायचो. स्लिप मीच भरायची, शाईचा पॅड पुढे करायचा, साक्षीदार शोधायचा. वेळ जातो, म्हणून सहीवाले आधी. कोणी सांगितलं नव्हतं. ती रेघ मी काढलेली होती. निवृत्तीपर्यंत एकालाही मी त्याचं नाव गिरवायला शिकवलं नाही. वर्षाला दोन म्हटले तरी किती झाले असते, याचा हिशेब मी त्या रात्री केला. बी.कॉम.ला तेवढं गणित येतंच. पुतणीला सांगितलं. ती काही बोलली नाही, पाणी आणून दिलं.

चौथ्या दिवशी पस्तिसावा अध्याय. स्त्रीला मंत्रोपदेश देऊ नये असं त्यात श्रीगुरू सांगतात. मला वाटलं आता ही थांबेल. ती थांबली नाही. एक अक्षर न गाळता, आवाज न चढवता वाचला, आणि नमस्कार करून उठली. त्यावर आमचं बोलणं अजून व्हायचं आहे.

यंदा डोळे चांगले आहेत, डॉक्टरांनी परवानगीही दिली. मागच्या आठवड्यात तिचा फोन आला, "काका, सप्ताहाला किती दिवस रजा काढू?" मी म्हटलं, मिळाली तर सातही काढ. चष्मा मी नाही लावत.