रंगविलेल्या पृष्ठभागावरील चिकटपट्टीचे डाग

कपाटावर, दारावर किंवा भिंतीवर चिकटपट्टीने लावलेला कागद काही महिन्यांनी काढला म्हणजे पट्टी निघून येते, परंतु तिचा चिकट थर पुष्कळदा मागे राहतो. त्यावर धूळ बसते आणि काळपट डाग पडतो. असा डाग सुरीने खरवडण्याचा मोह सहज होतो. तथापि, डाग आज निघाला नाही तर उद्या काढता येतो. खरवडून गेलेला रंग मात्र परत येत नाही. म्हणून डाग काढण्यापूर्वी त्याचे स्वरूप जाणून घेणे इष्ट होय.

चिकटपट्टीचा इतिहासच मुळी रंगाच्या रक्षणापासून सुरू होतो. अमेरिकेत मोटारींना दोन रंग देण्याची प्रथा असताना, एक भाग झाकण्यासाठी चिकटविलेला कागद काढताना ताजा रंगही उपटून येत असे. ही अडचण पाहून रिचर्ड ड्र्यू यांनी १९२५ साली सहज निघणारी पट्टी तयार केली. पुढे १९३० साली त्यांचीच पारदर्शक सेलोफेन पट्टी बाजारात आली.

पट्टीवरील चिकट द्रव्य सामान्य डिंकाप्रमाणे वाळून घट्ट होत नाही. ते सामान्यतः रबर व राळ यांचे, अथवा अ‍ॅक्रिलिक द्रव्याचे असते. दाब दिला असता ते मंदपणे वाहते आणि पृष्ठभागाच्या सूक्ष्म खाचांत शिरते. काळ जातो तसे हवेतील ऑक्सिजन, उष्णता आणि प्रकाश यांमुळे रबराच्या लांब साखळ्या काही ठिकाणी तुटतात व थर बिलबिलीत होतो. पुढे त्या एकमेकींशी जोडल्या जाऊन तो पिवळा व कडक बनतो. यावरून जुना डाग नव्यापेक्षा हट्टी का असतो, हे ध्यानात येईल.

समान स्वभावाचे पदार्थ एकमेकांत मिसळतात, हा विद्रावणाचा ढोबळ नियम आहे. रबर व राळ ही तेलकट स्वभावाची असल्याने नुसत्या पाण्याने ती निघत नाहीत; तेल, रॉकेल किंवा खनिज टर्पेंटाइन यांत ती फुगतात व मऊ होतात. परंतु रंगातील बंधक द्रव्यही विद्रावकाने मऊ होऊ शकते. म्हणून डागावर परिणाम करील, पण रंगावर करणार नाही, असाच विद्रावक निवडला पाहिजे.

यासाठी रंगाचा प्रकार ओळखावा. लाकडावरील वा लोखंडावरील तेलरंग पूर्ण वाळल्यावर रॉकेल किंवा खनिज टर्पेंटाइनचा अल्पकाळ स्पर्श सहसा सोसतो. नुकताच दिलेला तेलरंग सोसत नाही. भिंतीवरील इमल्शन रंग स्पिरिटने मऊ पडतो. साधे डिस्टेंपर व चुन्याचा हात तर पाण्यानेच सुटू लागतात. लॅकर थिनरमध्ये विरघळते. अ‍ॅसिटोन बहुतेक रंगांस घातक असल्याने ते वापरूच नये.

प्रत्येक उपाय प्रथम दृष्टीआड असलेल्या कोपऱ्यात करून पाहावा. पांढऱ्या फडक्यावर रंग उतरला, किंवा पृष्ठभाग मऊ पडला वा निस्तेज झाला, तर तो उपाय सोडून द्यावा.

कामाचा क्रम सौम्याकडून तीव्राकडे असावा. पट्टी अजून चिकटलेली असल्यास केस वाळविण्याच्या यंत्राच्या कोमट हवेने ती ऊबदार करावी आणि पृष्ठभागाला लागून, उलट दुमडून, सावकाश ओढावी. सरळ बाहेर ओढल्यास रंग उखडण्याचा संभव वाढतो. उरलेला मऊ थर बोटाने घोळवून त्याच्या गोळ्या कराव्यात. त्यानंतर, रंगाला पाणी चालत असल्यास, साबणाच्या कोमट पाण्याचे पिळलेले फडके वापरावे. तेलरंगावर एवढ्याने भागले नाही, तर खोबरेल तेलाचा बोळा काही मिनिटे ठेवून डाग पुसावा. अखेरचा उपाय म्हणून थोडे खनिज टर्पेंटाइन फडक्यावर घेऊन डागाच्या कडेपासून मध्याकडे पुसावे आणि लगेच साबणाच्या पाण्याने जागा स्वच्छ करावी.

चमक नसलेल्या भिंतीवर तेल लावू नये. ते आत मुरून नवा डाग पडतो. तेथे चिकट थर बोटाने किंवा मऊ खोडरबराने घोळवून काढावा व जे उरेल ते पुढील रंगकामापर्यंत राहू द्यावे. प्राचीन चित्रे व भित्तिचित्रे यांवर यांपैकी कोणताही प्रयोग करू नये. ते काम लखनौ येथे १९७६ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय सांस्कृतिक संपदा संरक्षण प्रयोगशाळेसारख्या संस्थांतील तज्ज्ञांचे आहे.

खनिज टर्पेंटाइन व रॉकेल ज्वालाग्राही आहेत. काम करताना खिडक्या उघड्या ठेवाव्यात व जवळ चूल, दिवा वा विडी नसावी. आणखी एक धोका डोळ्यांस दिसत नाही. जुन्या रंगांत शिसे असू शकते. भारतात घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपर्यंत मर्यादित करणारे नियम २०१६ साली झाले व २०१७ मध्ये अंमलात आले. त्यापूर्वीचा रंग कित्येक घरांत व शाळांत अद्याप आहे. असा रंग कोरडा खरवडल्यास वा घासल्यास शिशाची धूळ उडते आणि ती लहान मुलांच्या मेंदूस अपाय करते. म्हणून जुन्या रंगावर सुरी किंवा काचकागद न चालविणे यात केवळ भिंतीचे नव्हे, तर घरातील मुलांचेही हित आहे.