संगणकाला तिसरा हिस्सा कसा सांगावा?

समजा, एका सातबाऱ्यावर १ हेक्टर जमीन आहे आणि वाटणारी भावंडे तीन आहेत. १ हेक्टर म्हणजे १०० आर आणि १ आर म्हणजे १०० चौरस मीटर. सगळे मिळून १०,००० चौरस मीटर झाले. त्याला ३ ने भागले की प्रत्येकाला ३३ आर ३३ चौरस मीटर येतात. आता तिन्ही वाटे परत मिळवून पाहा. ९९ आर ९९ चौरस मीटर! एक चौरस मीटर गेला कुठे? बांध वीतभर सरकला तरी भांडणे होतात, मग एक मीटर लांब आणि एक मीटर रुंद जागा कोण सोडील?

चूक भागाकाराची नाही. १ ला ३ ने भागले की ०.३३३३ असे येतच राहते, ते संपत नाही. आपण मध्येच थांबतो.

पूर्वी वाटा आण्या-पैत सांगत. रुपयाचे १६ आणे आणि आण्याच्या १२ पै, म्हणजे १९२ पै. तिघांना ६४-६४ पै, म्हणजे ५ आणे ४ पै. काही उरत नाही! १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे १०० पैसे झाले. त्यांना ३ ने भाग जात नाही, ५ ने मात्र जातो. आण्या-पैचे पाच जणांत जमत नव्हते. कोणाचे काय तर कोणाचे काय!

संगणक दोनाच्या हिशोबाने चालतो. त्याच्याजवळ ० आणि १ एवढेच अंक. त्यामुळे निम्मे, पाव, पाऊण तो बिनचूक लिहितो. जुनी माणसे निमकी, पावकी, पाऊणकी घडाघडा म्हणतात ना, तसे. पण ०.१ त्याला पुरता लिहिता येत नाही. पायथन नावाच्या संगणकाच्या भाषेत ०.१ + ०.२ विचारले तर ०.३ येत नाही. ३ च्या पुढे पंधरा शून्ये येतात आणि मग ४.

यावर उपाय आपल्या गणिताच्या पुस्तकातलाच आहे. संगणकाला भागाकार करायलाच लावायचा नाही. अंश वेगळा ठेवायचा, छेद वेगळा ठेवायचा. पायथनमध्ये याला फ्रॅक्शन म्हणतात. १/३ + १/४ करायचे असेल तर छेदांचा गुणाकार १२. मग १ × ४ आणि १ × ३ मिळून ७. उत्तर ७/१२. म्हणजे सातबाराच आला की! (सातबारा हे नाव मात्र यावरून पडले नाही. गाव नमुना ७ आणि गाव नमुना १२ यांवरून पडले.) तसेच १/६ + १/६ केले तर आधी १२/३६ येतात. मग संगणक दोघांना १२ ने भागून १/३ करतो.

असे असून सगळीकडे हेच का वापरत नाहीत? कारण बेरजा वाढल्या की छेद फार मोठे होतात आणि संगणकाला वेळ लागतो.

वाचकांनी करून पाहावे: एकाला निम्मा, दुसऱ्याला तिसरा आणि तिसऱ्याला सहावा हिस्सा दिला, तर जमीन उरते का? आधी अंश-छेद मांडून करा, मग दशांशात करा.