छप्पर उघडणारी मोटार



भोरहून वरंध घाटाकडे जाताना वारा अंगावर घेत प्रवास करावा, असे कोणाला वाटणार नाही? ही हौस भागवणाऱ्या, छप्पर उघडता येणाऱ्या दोन आसनांच्या मोटारीला ‘रोडस्टर’ म्हणतात. पण वेल्ह्याचा पाऊस कोसळला तर? गाडी उलटली तर?

आधी एक प्रयोग करा. बुटांचे रिकामे खोके घ्या. झाकण घट्ट लावून ते दोन्ही हातांनी पिळून पाहा. आता झाकण काढून पुन्हा पिळा. खोके लगेच वाकडे होते ना? मोटारीचेही तसेच असते. छप्पर गेले की तिची ताकद कमी होते. ही ताकद कशी परत आणायची? जर्मनीतील मर्सिडीज-बेंझ कंपनीच्या ‘एसएल’ मोटारींचा इतिहास म्हणजे या प्रश्नाची उत्तरे आहेत.

१९५४ साली ‘३०० एसएल’ ही मोटार लोकांसमोर आली. तिला छप्पर होते. तिचा सांगाडा बारीक नळ्या जोडून केलेला होता. त्यामुळे तो हलका व मजबूत झाला; पण त्याच्या बाजू उंच झाल्या. नेहमीची दारे बसेनात. म्हणून दारे पक्ष्याच्या पंखांसारखी वर उघडणारी केली. १९५७ साली तिचे उघडे रूप, म्हणजे रोडस्टर, आले. सांगाड्याच्या बाजू खाली घेतल्या, त्याला जादा आधार दिला आणि दारे नेहमीसारखी झाली.

१९६३ च्या ‘२३० एसएल’मध्ये सुरक्षिततेचा मोठा विचार झाला. टक्कर झाली तर गाडीचा पुढचा व मागचा भाग चेपावा आणि धक्का शोषून घ्यावा. माणसे बसतात तो भाग मात्र टिकावा, अशी तिची रचना होती.

१९७१ साली आलेली पिढी १९८९ पर्यंत, म्हणजे अठरा वर्षे, तयार होत होती. पुढच्या काचेचे खांब त्या गाडीत अधिक भक्कम होते. १९८९ साली आणखी एक युक्ती आली. गाडी उलटू लागताच आसनांमागची पोलादी कमान सुमारे ०.३ सेकंदात आपोआप उभी राही.

२००१ साली धातूचे छप्पर बटण दाबताच घडी होऊन मागे जाऊ लागले. सोय झाली, पण वजनही आले. म्हणून २०१२ च्या गाडीचा सांगाडा ॲल्युमिनियमचा केला. २०२१ साली जाहीर झालेल्या पिढीत छप्पर पुन्हा कापडाचे झाले!

या कंपनीचा चाकणचा कारखाना २००९ साली आपल्याच पुणे जिल्ह्यात सुरू झाला. २०२३ साली भारतात आलेली एसएल मात्र जर्मनीहून तयार होऊन आली.

मित्रांनो, छप्पर काढणे सोपे आहे. ते काढूनही आतल्या माणसाला सुखरूप ठेवणे अवघड आहे. उद्या तुमच्यापैकी कोणी आयटीआयमध्ये शिकून कारखान्यात गेला, तर त्याने हे खोके आठवावे.

शब्दार्थ
हौस – आवड, शौक
सांगाडा – आतील चौकट
भक्कम – मजबूत
सुखरूप – सुरक्षित

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तर लिहा : रोडस्टर म्हणजे काय?
२. कारण सांगा : ‘३०० एसएल’ची दारे वर उघडत असत.
३. खोक्याचा प्रयोग घरी करून पाच वाक्ये लिहा.