प्राध्यापक हा कामगार आहे काय?

'युनियन' हा शब्द उच्चारला की आपल्या डोळ्यांपुढे गिरणीचा भोंगा किंवा महाडच्या औद्योगिक वसाहतीतील एखाद्या कारखान्याचे फाटक येते. हातात खडू धरणारा मनुष्य त्या चित्रात सहसा नसतो. अर्थशास्त्राच्या वर्गात मी श्रमसंघटनांचे प्रकरण शिकवू लागलो की एखादा विद्यार्थी हमखास विचारतो, "सर, तुमचीसुद्धा युनियन असते का?" असते, आणि ज्या कायद्याने या देशात संघटनेला मान्यता मिळाली त्याच्या उगमाशी आपल्याच मुलखातील एक शिक्षक उभा आहे.

महाडहून मुंबईकडे जाताना लोणेऱ्याला गोरेगावचा फाटा लागतो. या गोरेगावात 1879 साली नारायण मल्हार जोशी जन्मले. सार्वजनिक कार्यात पडण्यापूर्वी काही वर्षे त्यांनी शाळेत शिकविले होते. 1920 साली आयटकच्या स्थापनेत त्यांचा पुढाकार होता. त्या सुमारास मद्रासच्या बकिंगहॅम गिरणीच्या मालकांनी कामगार पुढाऱ्यांवरच दावा लावला होता. कामगारांना एकत्र करणे हाच गुन्हा ठरू लागला, तेव्हा जोशींनी 1921 मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात ठराव आणला आणि 1926 साली श्रमसंघ कायदा झाला. कोणत्याही सात जणांना एकत्र येऊन संघ नोंदविता येऊ लागला. (महाडच्या 1927 च्या सत्याग्रहाचे एक संघटक रा. बा. मोरे हेही पुढे मुंबईच्या कामगार चळवळीत गेले, हे आपल्या विद्यार्थ्यांना क्वचितच ठाऊक असते.)

परंतु संघ काढता येणे वेगळे आणि कायद्याने 'कामगार' ठरणे वेगळे. या प्रश्नाचा प्रवास मोठा मौजेचा आहे. 1963 साली दिल्ली विद्यापीठाच्या एका बसचालकाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की विद्यापीठ हा उद्योगच नव्हे. 1978 साली बंगलोर पाणीपुरवठा खटल्यात तो निर्णय फिरला व शिक्षणसंस्था 'उद्योग' ठरली. प्राध्यापकांना वाटले, आता दार उघडले! 1988 साली गोव्यातील एका शिक्षिकेच्या दाव्यात न्यायालय म्हणाले, संस्था उद्योग खरी, पण शिकविणे हे अंगमेहनतीचे, कारागिरीचे वा कारकुनी काम नाही. सबब शिक्षक हा औद्योगिक विवाद कायद्याखालचा कामगार नव्हे. म्हणजे महाविद्यालयाचा माळी कामगार, आणि त्याच आवारातला प्राध्यापक मात्र नाही.

औद्योगिक न्यायालय असे बंद झाल्यावर उरते ते विद्यापीठ कायद्यातील न्यायाधिकरण. 1994 च्या कायद्यात ते होते, 2016 च्या कायद्यातही आहे. कामावरून काढलेल्या अध्यापकाने 30 दिवसांत तेथे अपील करावयाचे. ऐकावयास सोपे वाटते; पण पोलादपूरहून मुंबई पावणेदोनशे किलोमीटरच्या वर. माझ्या परिचयातील एका सहकाऱ्याला त्याच्या संस्थेने तोंडी सांगितले, "उद्यापासून येऊ नका." कागद काही दिला नाही. तारीखच नाही, तर 30 दिवस मोजावयाचे कुठून? तेव्हा संघटनेच्या स्थानिक प्रतिनिधीचे पहिले काम भाषण करणे नव्हे. संस्थेला पोच घेऊन पत्र देणे, हजेरीपत्रकाची नक्कल जपणे, नेमणुकीचा आदेश मागून घेणे, ही कामे त्याने आधी करावयाची. आम्ही त्या सहकाऱ्यासाठी हेच केले. चौथ्या पत्रानंतर लेखी उत्तर आले आणि मग अपील उभे राहिले.

मोठ्या लढ्यांविषयी थोडक्यात लिहितो. मुंबई विद्यापीठाच्या क्षेत्रात बुक्टू, राज्यात एमफुक्टो आणि देशात आयफुक्टो अशी ही साखळी आहे. 1987 चा देशव्यापी संप वेतनश्रेणींसाठी झाला. 2013 साली 4 फेब्रुवारीपासून 10 मेपर्यंत एमफुक्टोने परीक्षाकामावर बहिष्कार टाकला. 19 सप्टेंबर 1991 ते 3 एप्रिल 2000 या काळात नेमलेल्या नेट-सेट नसलेल्या अध्यापकांच्या हक्काचा प्रश्न त्यात प्रमुख होता. उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर बहिष्कार मिटला. शासनाने 71 दिवसांचा पगार रोखला आणि तो वाद पुढे कित्येक वर्षे चालला. मागणी न्याय्य होती, असे माझे मत आहे. मात्र परीक्षेचे हत्यार मला कधीच रुचले नाही. पोलादपूरच्या डोंगरातील वाडीवरून एस.टी.ने येणाऱ्या मुलाचा निकाल लांबला की त्याची नोकरीची संधी जाते, आणि तो आपल्याशी भांडावयास येत नाही.

आज खरा प्रश्न आहे तो तासिका तत्त्वावरील अध्यापकांचा. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2019 मध्ये अतिथी अध्यापकासाठी तासाला 1500 रुपये व महिन्याला कमाल 50,000 रुपये असा दर सांगितला. राज्यात हाती पडणारा दर त्याच्या बराच खाली राहिला, तोही महिनोन्‌महिने उशिरा. वर्ष संपले की नेमणूक संपते. काढून टाकल्याचा आदेश निघतच नाही, म्हणून न्यायाधिकरणही उपयोगाचे नाही. वर्गणीची पावती फाडली तर पुढच्या जूनमध्ये बोलावतील का, या भीतीने ही मंडळी सभेला दारापर्यंत येतात आणि परततात. यंदा आम्ही वर्गणीची अट बाजूला ठेवली आहे. महाड व पोलादपूर या दोन तालुक्यांतील अशा अध्यापकांची नेमणूकपत्रे, घेतलेले तास आणि मिळालेली रक्कम यांची एक वही ठेवली आहे; नाव न घालता फक्त विषय आणि तारखा लिहिल्या तरी चालते.